मोबाइलव्यसन : पूर्वतयारी, साधना आणि निगा

मोबाइलचे व्यसन लावून घ्यायला आता फारशी ऐपत लागत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि महिनाभर पुरवून वापरायचा एक जीबी डेटा दुपारपर्यंत संपू लागला. वयाची अटही नाही, तरी विशीची वर्षे सर्वांत अनुकूल. या काळात निकाल लागायचा असतो, नोकरी मिळायची असते, कुणाचा तरी रिप्लाय यायचा असतो; आणि वाट पाहणाऱ्याच्या हाताला चाळा हवाच. पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा उमेदवार हा या दृष्टीने आदर्श साधक होय.

आरंभ अभ्यासाच्या नावाने करावा. निव्वळ करमणुकीसाठी फोन उघडणाऱ्याला लवकर अपराधी वाटते आणि तो फोन खाली ठेवतो. म्हणून आधी चालू घडामोडींची टेलिग्राम चॅनेले लावावीत. दहाही चॅनेलांवर तीच पीडीएफ येते. ती दर वेळी डाउनलोड करावी, उघडू नये. त्यानंतर यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती पाहाव्यात. आपण तयारीच्या काळात स्मार्टफोनला हातही लावला नाही, असे त्यांतला कुणीतरी सांगतोच. तो भाग मागे घेऊन पुन्हा ऐकावा.

पुढे साधकाला विशेष कष्ट नाहीत, कारण बरेचसे काम इतरांनी करून ठेवले आहे. पूर्वी पान संपले की थांबावे लागे. अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची रचना करून ही गैरसोय दूर केली. नंतर त्याने जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पान मात्र संपलेले नाही. त्याच्याही कितीतरी आधी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नसला, की कबूतर चिकाटीने टोचत राहते आणि दाणे बंद झाले तरी लवकर थांबत नाही. तेव्हा नऊ रद्दड रील पाहिल्यावर दहावी फक्कड निघाली, तर त्या नवांना नावे ठेवू नयेत. खरे काम त्यांनीच केलेले असते.

अभ्यासिकेत फोन सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवावा. संयमाचे समाधान मिळते आणि लक्ष फोनवरच राहते. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. पुढच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका स्पष्ट दिसला नाही. साधकाने संशयाचा फायदा स्वतःला द्यावा.

रात्रीची साधना सर्वांत फलदायी. चार्जरची वायर कॉटपर्यंत पोचत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड आणावा; हा खर्च पुस्तकांच्या पैशांतून भागतो. पडद्याच्या निळसर उजेडाने मेलाटोनिन स्रवायला उशीर होतो, पण सारा भार उजेडावर टाकू नये, मजकुराचा वाटाही मोठा आहे. नाइट मोड लावल्यास मनाची टोचणी थांबते आणि आणखी तासभर मिळतो. झोप मोडली की चिडचिड, उदासी आणि विसराळूपणा वेगळे कमवावे लागत नाहीत.

तरीही मन टवटवीत राहिलेच, तर स्वतः पूर्वपरीक्षेत नापास झालेल्या आठवड्यात जुन्या रूममेटचा वर्दीतला फोटो झूम करून पाहावा. उदास असल्याने फोन हाती येतो की फोनमुळे उदासी येते, हा वाद संशोधकांतही मिटलेला नाही. ये-जा दोन्हीकडून असावी असे दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, मोबाइलव्यसनाची स्वतंत्र नोंद नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हे घरच्यांना सांगायला एवढा आधार पुरतो.

विघ्ने थोडीच आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास फोन आणि टीव्ही बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. सुट्टीत अशा गावी जाणे टाळावे. दुसरे विघ्न टेली मानसचे : १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत समुपदेशन मिळते. मात्र हा क्रमांक बहुधा मोबाइलवरूनच लावला जातो, त्यामुळे डायल करण्याआधी सहज म्हणून एखादी रील उघडल्यास हेही विघ्न टळते.