दरेकशातला गोल्फर

दरेकशासारख्या गावात गोल्फ शिकायचे मनात आलेच, तर मैदान नाही ही अडचण फार मनावर घेऊ नये. आधी सामान घ्यावे. श्रीमंती खेळांची सुरुवात दुकानातच होते.

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त 14 क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, ठेवता येतात. ही कमाल मर्यादा आहे. दुकानदार मात्र ती शाळेच्या गणवेशासारखी सक्तीची करून सांगतो. नवशिक्याला जुना अर्धा संच पुष्कळ झाला: एक हायब्रिड, सात आणि नऊ क्रमांकांचे आयर्न, एक वेज, एक पटर. ड्रायव्हर राहू द्या. तो चेंडू दूर नेतो, पण कुठल्या दिशेला हे नवशिक्याला विचारत नाही.

चेंडूचे वजन 45.93 ग्रॅमहून जास्त नसावे, व्यास 42.67 मिलिमीटरहून कमी नसावा. स्वस्त, दोन थरांचा, शक्यतो वापरलेला घ्या. युरेथेनच्या आवरणाचा महागडा चेंडूही गावाजवळच्या हाजरा धबधब्याच्या डोहात तितक्याच सहज बुडेल.

सामानावाचून खेळ अडतो असेही नाही. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात साहेबांच्या पिशव्या वाहणारी पोरे शेजारच्या वस्तीतल्या बोळांत स्वतःचा गोल्फ खेळत आली आहेत. बांधकामाची सळई वाकवली की क्लब झाला. चेंडू प्लॅस्टिकचा. त्यांना कोणी ‘नवशिके’ म्हणून पाहावे!

तेव्हा संच घ्यायचाच असेल तर आधी कुणाचा तरी सात नंबर मागून आणा आणि महिनाभर हवेत फिरवा. बहुतेकांचा खर्च तिथेच वाचतो.