ओळंबा

आमच्या घरात पाऊल टाकलं की पाहुणा आधी पाणी मागतो, मग पंखा. ह्या गड्यानं उंबऱ्यातच एक डोळा मिटला, हॉलच्या कोपऱ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, तुमची भिंत पडायलीय."

बायको स्वयंपाकघरातून पळत आली. निवृत्तीचा फंड ह्याच भिंतींत गेलेला, पुट्टीचा वास अजून नाकात होता. मग उलगडा झाला. भिंत जागच्या जागी होती, पडत होती ती त्याच्या कॅमेऱ्यात. सोळा एमएमची लेन्स जराशी वर उचलली की उभ्या रेषा माथ्याशी एकमेकींकडं झुकतात, आणि रेषा झुकली की ह्याला अन्न गोड लागत नाही.

गेवराईत त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे ओळंबा म्हणतात. खरा ओळंबा त्याच्या बापाच्या पिशवीत. आबांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, निम्म्या पेठेच्या भिंती त्यांच्या हाताखालून गेल्या, पण त्यांना कुणी ओळंबा म्हटलं नाही. पोरानं जन्मात एक वीट रचली नाही आणि नाव त्याला पडलं.

तो इंटेरियर फोटोग्राफर आहे. हे आबांना समजावायचा प्रयत्न एकदा मीच केला.

"म्हणजे रिकाम्या खोलीचा फोटो?" आबा म्हणाले. "आन माणसं कुठं जात्यात?"

"बाहेर थांबतात."

"कामून?"

ह्या 'कामून'चं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अख्ख्या गेवराईला तोच प्रश्न पडलेला आहे. नवं घर झालं, पीओपी झालं, टीव्ही युनिटमागं प्रोफाइल लाईट बसली, फोटोवाला येणार म्हणून मालकीणबाई सकाळपासून पैठणीत, मालकाच्या खिशाला पेन, पोरांना पावडर. आणि हा येतो, सगळ्यांना अंगणात बसवतो आणि आत जाऊन सोफ्याचा फोटो काढतो. "घर आमचं, कर्ज आमचं, आन फोटोत आम्हीच न्हाई?" असं विचारणाऱ्या एका मालकाला त्यानं शांतपणे सांगितलं होतं, "भाऊ, तुम्ही असल्यावर नजर तुमच्याकडं जाती. सोफा मार खातो."

आमच्याकडं फोटोग्राफर म्हणजे लग्नाचा. हाही आधी लग्नंच करायचा, म्हणजे दुसऱ्यांची. पण एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ह्याची नजर मंगल कार्यालयाच्या छताकडं गेली. अल्बम आला त्यात छताचे अकरा फोटो आणि नवरीच्या मामाचा एकही नाही. मामा हे लग्नाचे खर्चवाले मामा होते. त्यानंतर त्याला गाव सोडावं लागलं असं म्हणणार नाही, पण तो पुण्याला गेला. तिथं एका मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली दोन वर्षं ट्रायपॉड उचलला आणि उशा सरळ केल्या. 2020च्या टाळेबंदीत परत आला तो ही विद्या घेऊन. कॅमेरा छातीच्या उंचीवर ठेवायचा, ओटा दिसला पाहिजे पण ओट्याखालची केरसुणी दिसता कामा नये. एकाच जागेवरून कमीजास्त उजेडाचे तीन फोटो घ्यायचे आणि मग एकावर एक बसवायचे, म्हणजे खिडकीही जळत नाही आणि कोपराही बुडत नाही. ट्यूबचा पांढरा उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एका खोलीत नांदू द्यायचे नाहीत. हे शेवटचं तो अशा आवाजात सांगतो की दोन सवतींची गोष्ट चाललीय असं वाटावं.

धंद्याला वंशावळ पाहिजे, तीही त्यानं शोधली. राजा दीनदयाळ. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार. हैदराबादच्या महालांची दालनं, झुंबरं, गालिचे असं सगळं त्यांनी काचेच्या प्लेटांवर उतरवलं आणि निजामानं त्यांना 'मुसव्विर जंग' किताब दिला. "सर, 1948पर्यंत आपण निजामातच होतो. म्हणजे आपल्या राज्यात ही लाईन जुनीच हाय." आमच्याच तालुक्यातल्या राक्षसभुवनला 1763 साली माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं, हे इथल्या पोराला पाळण्यात कळतं. निजामाकडून काही घेण्यासारखं होतं असं म्हणणारा हा पहिलाच. चहाच्या टपरीवर एकानं एवढंच विचारलं, "निजाम पैसे रोख द्यायचा का पट्टी आल्यावर?"

हा प्रश्न वर्मावरचा होता. ओळंब्याचं निम्मं येणं उसाच्या बिलात आणि निम्मं कापसाच्या पट्टीत अडकलेलं असतं. वर घासाघीस. "लग्नाला तीन दिवस, दोन अल्बम, वर ड्रोन. तेवढ्याच पैशात तू नऊ फोटो देतोस? ते बी बिनमाणसाचे?"

कापसाचं निघालंच आहे तर सांगतो. 2022च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 10,000च्या पुढं गेला आणि तेव्हापासून आमच्या भागात प्रत्येक घराला वाटतं की थांबलं तर भाव येणार. थांबणार कुठं? घरात. सिंदफणेकाठच्या एका गावात बीडच्या डिझायनर बाईंनी केलेल्या हॉलचे फोटो काढायला हा गेला, तर हॉलमध्ये खिडकीच्या चौकटीपर्यंत कापूस. इटालियन मार्बल खाली कुठंतरी असणार. मालक म्हणाले, "भाव आला की उचलतो, तवर वरवरचे काढा." ह्यानं वरवरचे काढले. अंगाला जी खाज सुटली ती तीन दिवस. पण पडद्यावर फोटो पाहताना ह्याला दिसलं की छताचा कोपरा न् कोपरा उजळलाय, कुठं काळी सावली म्हणून नाही. पुण्यात ह्याच कामाला पांढरे कापड ताणलेले रिफ्लेक्टर भाड्यानं आणायचे, इथं चाळीस क्विंटलचा रिफ्लेक्टर फुकट. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला फोनवर आधी विचारतो, "कापूस विकला का?" लोकांना वाटतं, व्यापाऱ्याचा माणूस आहे.

त्याच्या खोलीत एकच फोटो टांगलेला आहे. लॉस एंजेलिसच्या टेकडीवरचं काचेचं घर, 1960 साली ज्युलियस शुलमननं काढलेलं. आत दोन बायका निवांत बसलेल्या, खाली शहराचे दिवे. ते दिवे फिल्मवर उतरावेत म्हणून शुलमननं सात मिनिटं लेन्स उघडी ठेवली आणि शेवटी आतल्या बायकांसाठी फ्लॅश चमकवला. असा एक फोटो गेवराईचा काढायचा हे ओळंब्याचं स्वप्न. टेकडी नव्हती, म्हणून हायवेच्या बाजूचं तीन मजली घर धरलं. वरच्या खोलीला मोठी काच होती. बायका म्हणून घरातल्या दोन जावा बसवल्या. त्या तीन वर्षांपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, ही माहिती त्याला कुणी दिली नव्हती. "गप्पा मारल्यासारखं बसा," त्यानं सांगितलं. त्या एकमेकींच्या पाठीमागच्या भिंतींकडं बघत बसल्या. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्याचं पातं फोटोत धुकं होऊन येतं. चौथ्या मिनिटाला लाईट गेली. आख्खं शहर गेलं, उरल्या दोन जावा. त्या काळोखात त्या तीन वर्षांत पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. काय बोलल्या ते इथं लिहिता येत नाही.

खाली उतरताना तो मला म्हणाला, "लाईट काय सुंदर होता सर. पण लाईट नव्हती." हे वाक्य जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगून दाखवावं.

कागदपत्राच्या बाबतीत तो फार पक्का. 1957चा कॉपीराइट कायदा सांगतो की वेगळा करार नसेल तर पैसे मोजून काढून घेतलेल्या फोटोची मालकी पैसे देणाऱ्याकडं. म्हणून ओळंबा करार करतो. आणि करार म्हणजे बॉन्ड, हे त्याच्या मनात बसलेलं. 2024 साली शंभराचा बॉन्ड जाऊन पाचशेचा आला, तरी तो मागं हटला नाही. एका म्हाताऱ्या बागायतदारांसमोर त्यानं तो ठेवला. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सदर घराच्या अंतर्गत भागाच्या छायाचित्रांची मालकी…" 'घराच्या' आणि 'मालकी' एवढे दोनच शब्द त्यांना पुरले. सावकाराच्या कागदावर अंगठा देऊन त्यांच्या चुलत्याचे सात एकर गेलेले. त्यांनी काठी उचलली. ओळंब्याचा ट्रायपॉड त्या अंगणात अजून आहे. त्यावर हल्ली मिरच्यांचं सूप वाळत घालतात.

आणि सोळा एमएमचे प्रताप निराळेच. दहा बाय बाराची खोली त्या लेन्समधून दरबार हॉल दिसते. एका मुलीच्या बापानं तसला फोटो सोयरिकीत पाठवला, तर मुलाकडची बावीस माणसं दोन जीपा भरून आली. आठ आत बसली, बाकीची ओसरीत उभी. सोयरीक मात्र जमली. मुलाच्या मामांनी जाताना विचारलं, "फोटो कुणी काढला?" मुलाकडचं घर त्याहून लहान होतं.

तर आमच्या घराचं. दिवसभर तो खपला. कालनिर्णय उतरवलं, गॅसची टाकी हलवली, मला दोनदा हलवलं. मागची खोली जुनीच आहे, 1988 साली आबांनी बांधलेली. नवं घर बांधताना ती मी पाडली नाही. तिच्या पश्चिमेच्या भिंतीला थोडं पोट आहे, कपाट लावलं की मागं हात जातो. ओळंब्यानं त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ घालवला. रात्री मांडीवर कॉम्प्युटर घेऊन एकटाच बसला होता.

आठवड्यानं फोटो मोठा करून, चौकटीत घालून आणला. बरोबर आबाही आले. त्यांना आता नीट दिसत नाही, पण फोटो त्यांनी बराच वेळ बघितला. मग धोतराच्या सोग्यातून पिशवी काढली, पिशवीतून ओळंबा. दोरी सोडली, फोटोतल्या भिंतीच्या कडेशी धरली. लोलक डोलायचा थांबेपर्यंत खोलीत कुणी बोललं नाही. दोरी कडेवर तंतोतंत बसली.

आबांनी मान वळवून खऱ्या भिंतीकडं पाहिलं, मग पोराकडं.

"किल्लारीच्या भूकंपात ही भिंत हालली न्हवती," ते मला म्हणाले. "ह्यानं हालवली."