घुग्घुसच्या फिटरसाठी कलम कुठे आहे?

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. बातम्यांत एक आकडा ठळक होता. वर्षाला 1,800 भारतीय आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार तात्पुरत्या कामासाठी ब्रिटनला जाऊ शकतील. त्याच्या बरोबर दोन दिवस आधी, 22 जुलैला, त्याच ब्रिटनने म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करणाऱ्या केअर वर्करची परदेशातून होणारी नवी भरती बंद केली. कुशल कामगाराच्या व्हिसाची अटही वर नेली. मोजके अपवाद सोडले, तर काम पदवीच्या पातळीचंच हवं. दोन्ही बातम्या एकाखाली एक ठेवून वाचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरापोरींच्या वाट्याला काय आलं, ते लगेच कळतं.

चंद्रपूर जिल्ह्यात कौशल्याला तोटा नाही. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) कोळसा खाणी, थर्मल वीज केंद्र, गडचांदूर पट्ट्यातले सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल. आयटीआय झालेला घुग्घुसचा फिटर रात्री दोन वाजता बंद पडलेला पट्टा सुरू करून देतो, आणि बहुतेक वेळा ठेकेदाराच्या हजेरीवर. व्यापार करारांना हा माणूस दिसत नाही. 1995 पासून, जागतिक व्यापार संघटनेचा सेवा करार लागू झाल्यापासून, त्यांची चौकट ठरलेली आहे. कंपनीने बदली करून पाठवलेला अधिकारी, कंत्राटावर सेवा द्यायला गेलेला पदवीधर, स्वतंत्र व्यावसायिक. या यादीत पाना हातात धरणारा जवळपास नाहीच. दिल्लीच्या वाटाघाटींत आयटीआयवाल्यासाठी कोणी टेबलावर हात आपटला असता, तर मला फार बरं वाटलं असतं.

त्याच्यासाठी खरी वाट दुसरीकडे आहे, आणि तिच्यावर महाराष्ट्राची सही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्स आहेत, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, चालक आहेत. पुढच्याच महिन्यात जर्मनीने नियम सैल केला. मायदेशात सरकारमान्य, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि ए-2 पातळीची जर्मन असेल, आणि तिकडचा मालक करार करायला तयार असेल, तर आधी जर्मनीत जायचं, प्रमाणपत्राची मान्यता तिथे कामावर राहून मिळवायची. आयटीआयचा फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचाच कोर्स करतो. वेल्डरचा एक वर्षाचा, तो इथे अडकतो. नर्सला मात्र पूर्ण परवान्यासाठी साधारण बी-2 पर्यंत भाषा न्यावी लागते.

म्हणजे अडसर भाषेचा आहे. गडचिरोलीच्या मुलीला नवी भाषा झेपेल का, ही शंका मला अपमानास्पद वाटते. सिरोंच्याची मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. भामरागडची मुलगी घरी माडिया बोलते, बाकी तेच. मुलचेऱ्यात बंगालीही आहे. चौथी भाषा त्यांना शिकवायला माणूस हवा, एवढंच. पण जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन मुंबईत आणि पुण्यात. गडचिरोली शहरात अजून रेल्वे नाही. अख्ख्या जिल्ह्याचा आधार वडसा स्टेशन.

सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण. तिथे टॉमकॉम ही सरकारी कंपनी नर्सना परदेशी कामासाठी तयार करते. केरळात नोर्का ही राज्य सरकारची संस्था जर्मन सरकारी संस्थांसोबत नर्सना जर्मन शिकवून पाठवते, फुकट. हे काम सरकारने केलं नाही की दलाल करतो. त्याला लाख-दोन लाख देण्याआधी केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना क्रमांक तपासा, पालकांनो. जमीन गहाण टाकायची वेळ आली, तर तिथेच थांबा.

भामरागड-एटापल्लीत नर्स हव्यात आणि आपण त्यांना जर्मनीला धाडायचं का, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. पण नर्सला अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर ठेवायचं आणि वर तिने जिल्ह्यावर प्रेम करावं म्हणायचं, हे चालणार नाही. इथे कायम नोकरी द्या, तिकडची वाटही उघडी ठेवा. कुठे जायचं ते तिचं ती ठरवेल.

पैशाची सबब सांगू नका. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. कोळशाच्या आणि सुरजागडच्या लोहखनिजाच्या रॉयल्टीसोबत त्यात रक्कम येते, आणि केंद्राच्या नियमांत कौशल्य विकास हा त्या निधीचा प्राधान्याचा विषय आहे. ज्यांच्या गावाखालून खनिज निघतं, त्यांच्या मुलांच्या जर्मन शिक्षकाचा पगार त्यातून द्या. चंद्रपूर, गडचिरोली, अहेरीच्या आयटीआयत आणि नर्सिंगच्या शाळांत रोजचा वर्ग, राहायची सोय, आणि परीक्षा निदान नागपूरला. दोन्ही पालकमंत्र्यांनी पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा.