आज दमलाय तो

अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या गाड्यांचा क्रम ठरलेला असतो. आल्याआल्या कुणाची तरी उतरलेली कोरोला, ग्रीन कार्ड झालं की कॅमरी, दुसरं मूल झालं की ओडिसी. सगळ्या जपानी, बहुतेक रुपेरी, आणि प्रत्येकीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती. पन्नाशीच्या आसपास मात्र एखादा या रांगेतून फुटतो आणि पिकअप घेतो.

आमच्या डेन्व्हरच्या मंडळात असा एक आहे. सगळे त्याला ट्रकदादा म्हणतात. गृहस्थ मूळचा डेटाबेसवाला. घरात खिळा ठोकायचा तरी आधी तीन व्हिडिओ बघणारा. एका शनिवारी त्याच्या दारात फोर्डचा एफ-150 उभा राहिला. साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, 36 गॅलनची टाकी. योग्य साज चढवला तर 13 हजार पौंड ओढायची ऐपत. पहिल्या महिन्यात त्याने वाहिलं काय, तर सोना मसुरीचं एक पोतं. तेही वहिनींनी मागच्या सीटवर ठेवायला लावलं, हौद्यात ऊन लागतं म्हणून.

ट्रक आला आणि माणूस बदलला. डोक्यावर टोपी आली. समोरून दुसरा पिकअप आला की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून रामराम व्हायला लागला. बोलण्यात ‘टॉर्क’ आला. आणि कोथिंबिरीची जुडी महागली म्हणून तीन मैल लांबच्या दुकानात जाणारा हा माणूस पंपावर गेला की सगळ्यात उजवीकडचं बटण दाबायला लागला.

कोलोरॅडोच्या पंपावर ती तीन बटणं जवळून बघण्यासारखी असतात. पिवळ्या चौकटीत काळे आकडे: 85, 87, 91. बाकी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी साधं पेट्रोल 87 पासून सुरू होतं, आमच्याकडे 85 पासून. उंचावर हवा विरळ, साध्या इंजिनाच्या छातीत मुळात हवाच कमी जाते, म्हणून 85 वरही भागतं, असा जुना हिशोब. टर्बोला तो लागू नाही. तो हवा दामटून आत कोंबतो. डोंगर असो की समुद्रकिनारा, त्याला फारसा फरक पडत नाही.

“एक्क्याण्णवमध्ये ताकद जास्त असते,” दादा सांगायचा. साजूक तुपाबद्दल बोलतात त्या सुरात.

नसते. ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाही, संयमाचा आहे. त्याला हे पटवायला मला शेवटी ढोल-ताशाच काढावा लागला. सिलिंडरात हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, मग ठिणगी पडते, आणि जाळ एका टोकाकडून शिस्तीत पुढे सरकतो. ताशाने उचललं, पहिली रांग वाजू लागली, मग दुसरी, तसं. पण दाब आणि उष्णता फार वाढली की शेवटच्या रांगेतला एखादा उत्साही आपली पाळी यायच्या आत टिपरू हाणून मोकळा होतो. तोच इंजिनाचा ठोका, नॉकिंग. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. 91 म्हणजे दबावाखालीही खुणेची वाट बघणारी पोरं. ती जोरात वाजवतात असं नाही, आगाऊपणा करत नाहीत इतकंच. आणि हल्लीच्या इंजिनात एक पथकप्रमुख बसलेला असतो, नॉक सेन्सर. त्याच्या कानावर एक चुकार ठोका पडला की संगणक ठिणगी जरा उशिरा टाकायला लागतो. इंजिन वाचतं, जोर उतरतो.

“म्हणजे माझंच बरोबर!” दादा म्हणाला. मराठी माणसाला दाखला आवडला की तो आपल्याच बाजूचा वाटतो.

पुण्याच्या मेहुण्याने मात्र त्याला एकदा गार केलं. “एक्क्याण्णव? आमच्याकडे साधं पेट्रोलच एक्क्याण्णवचं. प्रीमियम पाहिजे असेल तर शंभरचं मिळतं.” ते खोटं नव्हतं. इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल आणलंच होतं. फक्त मोजायची पट्टी वेगळी. भारतात ‘रिसर्च’ पद्धतीचा आकडा सांगतात, अमेरिकेत ‘रिसर्च’ आणि ‘मोटर’ या दोन पद्धतींची सरासरी. इथलं 87 आणि तिथलं 91 जवळपास एकच. हे कळेपर्यंत दोन दिवस दादाने ट्रककडे नीट पाहिलंही नाही.

मग मंडळाची डिलनच्या तलावावर सहल निघाली. वीस ढोल, सहा ताशे, घडीच्या खुर्च्या, मिसळीचं सामान, सगळं एका भाड्याच्या बंद ट्रेलरमध्ये. ट्रकदादाच्या आयुष्यातला हा सोनियाचा दिनु. हिचच्या गोळ्यावर ट्रेलरची दांडी बसवून त्याने साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या अडकवल्या, दिवे लागतात का ते बघायला मला मागे उभं केलं, “लेफ्ट? राइट? ब्रेक?” असं चारदा ओरडून विचारलं. मग आम्ही पंपावर गेलो. तिथे मंडळाचे खजिनदार आधीच हजर.

“सगळ्यात स्वस्त काय आहे?” खजिनदार.

“वजन ओढायचंय हो. पुस्तकात लिहिलंय.”

तो ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक खरंच घेऊन आला. तोपर्यंत ते प्लॅस्टिकमधून बाहेर निघालं नव्हतं. तो जाडजूड ऐवज मी त्याच्याच हातून फोडून घेतला. त्यात त्या इंजिनापुरतं स्वच्छ होतं. एरवी 87 पुरे, त्याखालचं नको, आणि ट्रेलर ओढण्यासारखं जड काम असेल तर प्रीमियम भरा, कामगिरी सुधारेल. म्हणजे वर्षभर भाजी आणायला 91 ओतलं ते हौसेखातर, आणि आज ते खरोखर उपयोगी पडणार होतं. अशी हौस करणारा दादा एकटा नाही. ‘ट्रिपल ए’ या मोटारचालकांच्या संस्थेने 2016 मध्ये हिशोब मांडला होता की साधं चालणाऱ्या गाड्यांत प्रीमियम भरून अमेरिकन लोकांनी वर्षात 2.1 अब्ज डॉलर वाया घालवले.

खजिनदार पुस्तकाला बधले नाहीत. “मागच्या वर्षी व्हॅननं नेलं, तेव्हा पंच्याऐंशीच घातलं होतं.”

शेवटी तह झाला. मंडळाच्या कार्डावर दहा गॅलन 85, दादाच्या कार्डावर दहा गॅलन 91. “सरासरी 88,” दादा म्हणाला, आणि दोन्ही पावत्या वेगवेगळ्या खिशांत ठेवल्या.

डेन्व्हर 5,280 फुटांवर आणि वाटेतला आयझेनहॉवर बोगदा 11 हजारांच्या वर. खंबाटकीचा घाट या चढापुढे अंगणातली पायरी. ट्रेलर भरून जेमतेम तीन हजार पौंडांचा, त्या ट्रकला तो कळायचाही नाही. पण दादाने एसी बंद केला, गाणी बंद केली, मागच्या सीटवरच्या पोरांना गप्प केलं. काचा खाली. मान एका बाजूला कलती.

“ऐकलंस?”

खरंच काहीतरी वाजत होतं. खडखड, थांबून परत खडखड. वळणावर जास्त. दादाचा चेहरा उतरला. “ठोकतोय,” तो म्हणाला. “त्या पंच्याऐंशीनं घात केला.” पुढचे आठ मैल ट्रक अवजड वाहनांच्या मागे उजव्या लेनमधून गेला, बैलगाडीच्या इमानाने.

डिलनला पोचून ट्रेलरचं दार उघडलं. मिसळीच्या स्टीलच्या पिंपात कुणीतरी झांजांचे चार जोड टाकून ठेवले होते.

रात्री परत आल्यावर ट्रेलर भाडेवाल्याच्या अंगणात लावून सोडला, पोरं उतरवली. मला घरी सोडायच्या आधी दादाने मोकळा ट्रक पंपावर घेतला. खजिनदार जवळपास नव्हते. त्याने स्वतःचं कार्ड काढलं आणि उजवीकडचं बटण दाबलं.

“अरे, आता कशाला? आता रिकामा आहे तो.”

दादाने टेलगेटवरून हात फिरवला. “असू दे रे,” तो म्हणाला. “आज दमलाय तो.”