मरणाची पात्रता

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर 1920 साली वारला आणि यवतमाळला तो कधी आला नाही. तरी त्याने रेखाटलेली नोकरशाही, म्हणजे लेखी नियम, पक्की उतरंड, फायलीवर चालणारे काम आणि साहेबाच्या लहरीला मज्जाव, अगदी शुद्ध रूपात पाहायची असेल, तर शेतकरी आत्महत्यांची प्रकरणे तपासणाऱ्या तिथल्या जिल्हा समितीकडे बघावे. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयाप्रमाणे मृताच्या कुटुंबाला एक लाख मिळतात, पण त्यासाठी कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादाही लागलेला हवा. हे जुळले की मेलेला माणूस 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. आता बिनपरवाना सावकारी हा गुन्हा, आणि तो रोखण्याचे काम सरकारचे. ते सरकारला जमले नाही, म्हणून दंड बसतो तो कर्जदाराच्या विधवेला. शिवाय असा सावकार नोटीस पाठवत नाही, दारात येऊन बोलतो. त्या बोलण्याची साक्षांकित प्रत कुठून आणायची? ठोक्याने, म्हणजे भाड्याने, जमीन कसणाऱ्याचे तर सातबाऱ्यावर नावच नसते. कागदोपत्री तो शेतकरी म्हणून जगलेलाच नाही, मग शेतकरी म्हणून मरणार कसा?

यावर कचेरीतले जाणकार म्हणतील की निकष काढले तर तलाठ्याची मर्जी आणि दलालांची दुकाने उरतील. खरे आहे, आणि वेबरचीही बाजू नेमकी हीच होती; नियमाने बांधलेला कारकून हा मर्जीच्या मामलेदारापेक्षा केव्हाही बरा. पण रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1940 मध्येच दाखवून दिले होते की नियम पाळता पाळता तो कशासाठी केला होता हेच कचेरी विसरते. मदत करायला निघालेली समिती नकाराची कारणे नीट नोंदवू लागते, आणि नोंद चोख असल्यामुळे कोणाची चूकही सापडत नाही. गावाला मात्र ती दिसते. याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिच्या शिफारशींवरून 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या; कारभार गावाजवळ यावा हा हेतू होता. तगादा कोणाचा होता, जमीन कोण कसत होते, हे गावाला ठाऊक असते. निकष मात्र मंत्रालयात ठरतात.

तेव्हा मदत आधी द्यावी, चौकशी मागून करावी. यात लबाडी होईल, ही वित्त विभागाची भीती. पण लाखातले 30 हजार हाती पडतात, 70 हजार ठेवीत जातात. एवढ्यासाठी कोणी फवारणीचे औषध पिईल असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या हिशेबाची फेरतपासणी करावी. हा शासन निर्णय निघाला त्याच जानेवारीच्या 1 तारखेपासून सहावा वेतन आयोग लागू झाला आणि दहा वर्षांनी सातवा; तेवढ्या काळात या लाखाचा लाखच राहिला. वेतनवाढीच्या अर्जाला अर्थात तगाद्याचा पुरावा जोडावा लागत नाही.