दादा, ती पाच वर्षे तुमच्यासाठी होती

प्रति,
तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालणारे, पालिकेच्या अभियंत्याची कॉलर धरणारे आणि दुसऱ्याच दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडून उभे राहणारे आमचे दादा,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं काही तुम्ही केलेलं नाही. सगळा तालुका दादा म्हणतो म्हणून मीही म्हणतो, एवढंच.

तुमच्या नावावर वाळूचे ठेके आहेत, प्लॉट आहेत, दोन-चार हायवा आहेत. एका कायद्याचं श्रेयही तुमच्याच खात्यावर जमा करायला हवं. सरकारी नोकराला काम करू नये म्हणून मारहाण किंवा बळजबरी केली, तर भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. २०१८ मध्ये महाराष्ट्राने ती पाच वर्षांवर नेली आणि खटला दंडाधिकाऱ्यांकडून काढून सत्र न्यायालयाकडे दिला. कर्मचारी संघटनांनी संरक्षण मागितलं ते हौसेने नव्हे. तुम्ही आणि तुमची पोरं त्यांना मारत होतात.

त्यांची भीती खोटी नव्हती, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाची भेसळ पकडताना दिवसाढवळ्या जिवंत जाळलं. खुनाला फाशीची तरतूद तेव्हाही होती. काडी ओढणारा हात तिने थांबला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाणे महापालिकेच्या सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीत अनधिकृत फेरीवाल्यांवर कारवाई करत होत्या. एका फेरीवाल्याने चाकूने वार केले, त्यात त्यांची बोटं तुटली. पाच वर्षांची तरतूद लागू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

शिक्षेचा आकडा तुम्ही वाचतच नाही, दादा. तुम्ही वाचता ते वेगळंच. रात्री नदीपात्रात कोण येणार आहे, सोबत पोलीस आहेत की नुसता कोतवाल, साहेबांची गाडी तहसीलमधून निघाली की नाही. त्यासाठी फाट्यावर मोबाइल घेऊन बसलेली पोरं तुम्ही पगारावर ठेवलीत. पकडलेल्या वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागू शकतो, वाहन जप्त होऊ शकतं, म्हणून एकेका फेरीसाठी तुम्ही माणूस चिरडायला तयार असता. समोरचा तलाठी मात्र स्वतःच्या मोटारसायकलवर, स्वतःच्या पेट्रोलने आलेला असतो. घरी बायको जागी असते.

त्याने फिर्याद दिली तर पुढचं तुम्हाला पाठ आहे. पंच गावातलेच, ते फिरतात. साक्षीदाराला काही आठवत नाही. फिर्यादीवरच लाच मागितल्याची उलट तक्रार येते आणि वर्षभरात त्याची बदली होते. त्यात हे खटले सत्र न्यायालयात, म्हणजे खुनाच्या आणि दरोड्याच्या खटल्यांच्या रांगेत जाऊन बसले. शिक्षा वाढली आणि सुनावणी लांबली. याहून सोयीची गोष्ट तुमच्यासाठी कुणी केली असती?

आता त्या पाच वर्षांचं काय झालं ते ऐका, कारण माझा राग इथे आहे. तुमच्यापर्यंत न पोहोचलेली ती शिक्षा कार्यालयांच्या भिंतीवर पोहोचली. तहसील, पालिका, सरकारी दवाखाना, जिथे जावं तिथे फलक: शासकीय कामात अडथळा आणल्यास पाच वर्षे. तुम्ही त्या फलकाखालून थेट आत, केबिनमध्ये जाता, तुमच्यासाठी चहा येतो. फलक वाचतो तो बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस. निराधार योजनेचे पैसे का थांबले हे विचारायला आलेली म्हातारी, फेरफार का अडला म्हणून चौथ्यांदा आलेला शेतकरी. आवाज जरा चढला की आतून प्रश्न येतो, ‘तीनशे त्रेपन्न लावू का?’

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. बंगळुरूत एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर आपल्याला मिळालेल्या वागणुकीची तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर हेच कलम लागलं. तो गुन्हा रद्द करून घेण्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१५ मध्ये तो रद्द झाला. तिथवर जायला सगळ्यांना जमत नाही. परीक्षा पुढे ढकलली म्हणून घोषणा देणाऱ्या पोरावर हा गुन्हा नोंदला की भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो वर येतो. निर्दोष सुटेपर्यंत वय निघून जातं. ज्या विधिमंडळाने शिक्षा वाढवली, तिथेच पुढे आमदार उठून सांगू लागले की अधिकारी या कलमाचा गैरवापर करतात. आमदाराला निदान सभागृह आहे. म्हातारीने कुठे उठून सांगायचं?

म्हणून म्हणतो, काम न करणाऱ्या साहेबांनी तुमचा सत्कार करायला हवा. तुम्ही त्यांना कवच मिळवून दिलंत. प्रामाणिक तलाठ्याला त्या कवचाचा उपयोग झाला नाही. रात्री दोन वाजता नदीपात्रात भिंतीवरचा फलक सोबत येत नाही.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम १३२ मध्ये याच गुन्ह्याला पुन्हा दोन वर्षं आहेत. तुमची दहशत पाच वर्षांच्या काळात घटली नव्हती, त्यामुळे दोन वर्षांत ती वाढण्याचंही कारण नाही. पण तुम्ही पुन्हा कुणाचं डोकं फोडाल, आणि पुन्हा कुणीतरी सभागृहात उभं राहून म्हणेल, शिक्षा वाढवा. मी त्याला विरोध करणार आहे, आणि त्याचा अर्थ मी तुमच्या बाजूचा आहे असा लावू नका.

मला तुम्ही तुरुंगात हवे आहात, दादा. पाच वर्षं नकोत, दोनही पुरतील, पण ती वर्षभरात निकाल लागून हवीत. रात्रीच्या कारवाईला तलाठ्यासोबत बंदूकधारी पोलीस हवा. त्याची फिर्याद चालवायला खात्याचा वकील हवा, आणि खटला संपेपर्यंत त्याची बदली नको. जप्त केलेला ट्रॅक्टर आठवड्यात तुमच्या अंगणात परत दिसायला नको. आणि खिडकीवरच्या माणसावर हे कलम लावण्याआधी हात उगारला होता की फक्त प्रश्न विचारला होता, हे कार्यालयातल्या कॅमेऱ्यात पाहूनच गुन्हा नोंदवावा. कॅमेरे सरकारनेच लावलेले आहेत. चालू आहेत का, हे विचारायला मी उद्या तहसीलमध्ये जाणार आहे.

एक अर्जदार