बुडीत जहाजांच्या सहलीचं नियोजन: इच्छुकांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढावा. डीपीला निळ्याशार पाण्यातल्या जहाजाचा फोटो लावावा. ते जहाज बहुधा भलत्याच समुद्रातलं असतं, पण नियोजनाच्या या टप्प्यावर तेवढं चालतं. ग्रुपमधल्या सगळ्यांना पोहता आलं पाहिजे असा नियम करू नये. तारखा ठरवण्याचा खरा उत्साह पोहता न येणाऱ्यांकडेच असतो आणि त्यांना वगळलं तर सहल कधीच ठरणार नाही.

ठिकाण म्हणून कोरॉन निवडावं. हे फिलिपिन्समध्ये, पालावान प्रांताच्या उत्तर भागात आहे. इथे एक अधिकृत गोंधळ आहे, तो आधीच पाठ करून ठेवावा. कोरॉन गाव कोरॉन बेटावर नाही, शेजारच्या बुसुआंगा बेटावर आहे. कोरॉन बेटावर चुनखडीचे कडे, तळी आणि ताग्बान्वा लोकांची वस्ती आहे. जहाजं मात्र बोटीने तासभर अंतरावर, सांगात, तांगात, लुसाँग अशा छोट्या बेटांच्या आसपास आहेत. त्यामुळे 'सी-व्ह्यू रूममधून जहाज दिसेल ना?' असं ग्रुपवरच्या नानांनी विचारल्यास त्यांना शांतपणे सांगावं, की नाना, ती बुडालेली आहेत.

कशी बुडाली, हे निदान एकाने वाचून जावं. २१ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी मनिलावर हल्ला चढवला. तिथून निसटलेली जपानी रसदवाहू जहाजं कोरॉनच्या उपसागरात बेटांच्या आडोशाला येऊन लपली. तीनच दिवसांनी, २४ तारखेला, अ‍ॅडमिरल हॅल्सीच्या ताफ्यातली विमानं तिथेही पोचली. गाइड यात एक मसालेदार गोष्ट घालतात. जहाजांवर झाडपाला बांधला होता म्हणे, आणि हवाई फोटोंत काही बेटं रोज जागा बदलताना दिसली, तेव्हा अमेरिकनांना संशय आला. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत, पण बोटीवर ऐकायला मजा येते. ऐकताना मान डोलवावी, 'मी यूट्यूबवर पाहिलंय' असं म्हणू नये.

आता कोणतं जहाज कोणाला द्यायचं ते पाहू. नानांना लुसाँगची गनबोट द्यावी. ती इतकी उथळ पाण्यात आहे की वर तरंगत, तोंडात नळी धरूनही दिसते. ओकिकावा मारू हे तेलवाहू जहाज, त्याचा डेक दहा ते सोळा मीटरवर, म्हणजे नवशिक्यांना सोयीचा. कितीतरी वर्षं हे जहाज ताइएई मारू या दुसऱ्याच नावाने ओळखलं जात होतं, तेव्हा जुनी पुस्तकं घेऊन वाद घालत बसू नये. बांधकाम व्यवसायातल्या मित्राला कोग्यो मारूवर न्यावं. उजव्या कुशीवर पडलेल्या या जहाजाच्या पोटात बुलडोझर आहे आणि पाण्यात दगड झालेली सिमेंटची पोती आहेत. तो भाव विचारणार नाही याची काळजी पाण्यातल्या त्याच्या जोडीदाराने, म्हणजे बडीने घ्यावी. अकित्सुशिमा समुद्री विमानांच्या देखभालीचं जहाज होतं, विमानं उचलणाऱ्या त्याच्या क्रेनसकट ते आडवं झालंय. आणि इराको, आरमाराला अन्न पुरवणारं जहाज, चाळीस मीटरच्याही खाली तळाला टेकलंय. ग्रुपमधल्या प्रत्येकाला नेमकं तिथेच जायचं असतं.

इथे प्रशिक्षणाचा किरकोळ विषय निघतो. 'माझं स्कूबा झालंय' असं सांगणारा एक जण असतोच. ते मालवणला झालेलं असतं. तिथला मुलगा मागून सिलिंडर धरून त्याला पाण्यात फिरवून आणतो, मासे गोळा करतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणून सोडतो. अनुभव झकास, पण त्यावर डायव्हिंग येतं म्हणणं म्हणजे एसटीतून आंबोली घाट चढलो म्हणून एसटी चालवता येते म्हणण्यासारखं आहे. ओपन वॉटर कोर्स केला की अठरा मीटरपर्यंत जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्ड केला की तीस. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे, परदेशाची वाट पाहायचं कारण नाही. ओपन वॉटर कोर्ससाठी दोनशे मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगावं लागतं. पोहायला वेळेची मर्यादा नाही, त्यामुळे सबबही नाही.

कोर्सच्या वैद्यकीय फॉर्मवर दमा, हृदयविकार, रक्तदाब वगैरे रकाने असतात. तिथे डोळे मिटून 'नाही' लिहिण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती या एका सहलीपुरती मोडावी. विमा एजंटाला फसवता येतं, दाबाला येत नाही.

आणि दाबाचं गणित तर ग्रुपवर पिन करून ठेवण्यासारखं. पाण्याच्या पृष्ठभागावर एक पट, दहा मीटरवर दुप्पट, तीसवर चौपट, चाळीसवर पाचपट. सिलिंडर तोच, फुप्फुसंही तीच, पण प्रत्येक श्वासाला तितक्याच पटीने हवा खर्च होते. वर तासभर पुरणारी हवा इराकोच्या तळाशी बारा मिनिटांत संपते. हे शांत माणसाचं झालं. डोंबिवली फास्ट पकडल्यासारखा श्वास घेणाऱ्याचं यापेक्षा लवकर आटोपतं. शिवाय तिसाच्या आसपास नायट्रोजनची नशा चढू लागते आणि माणसाला मनगटावरच्या डाइव्ह काँप्युटरवरचा आकडा फार विनोदी वाटायला लागतो. म्हणून जहाजाच्या आत शिरणं हे वेगळं शिक्षण आहे. आत गाळ असतो, एक बेफाम लाथ बसली की समोरचा दिवाही दिसेनासा होतो आणि डोक्यावर पाणी नसतं, लोखंड असतं. गाइड बाहेरूनच दाखवतोय म्हणून 'पूर्ण पैसे घेतले आणि आत नेलं नाही' असा रिव्ह्यू लिहू नये.

पाणी जाहिरातीइतकं निळं नसतं, बरेचदा हिरवट असतं. लायनफिश सुंदर दिसतो, त्याचे काटे विषारी. स्कॉर्पियनफिश तर दिसतच नाही, तोही विषारी. तेव्हा कशालाच हात लावू नये. उचलून तर काहीच आणू नये, पोर्सेलीनचा तुकडाही नाही. या जहाजांवर माणसं मेली आहेत.

जेवण बोटीवरच मिळतं: भात, भाजलेला मासा, कापलेली फळं. शाकाहाऱ्यांनी आधी कळवावं आणि तरीही डबा न्यावा. मेथीचे ठेपले न्यायला हरकत नाही, पण सकाळी पोटभर मिसळ खाऊन रेग्युलेटर तोंडात धरायचा प्रयोग करू नये. समुद्र उसळला की बोटीवर आल्याचा तुकडा चघळणारे शहाणे ठरतात.

हंगाम साधारण डिसेंबर ते मे. मुलांच्या परीक्षा संपतात तेव्हाही समुद्र उघडा असतो, हा दुर्मीळ योग समजावा. दिवाळीचा आग्रह धरणाऱ्याला वादळांचे नकाशे पाठवावेत.

राहता राहिला परतीचा दिवस. इथेच सगळ्यांत चोख नियोजन सगळ्यांत वाईट ठरतं. लागोपाठ डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जाऊ द्यावेत. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो, त्याला तिकिटाचा रिफंड समजत नाही. पण ग्रुपच्या खजिनदाराने स्वस्त म्हणून पहाटेचं विमान घेतलेलं असतं आणि आदल्या दुपारची शेवटची डाइव्ह फुकट मिळतेय म्हणून बुक केलेली असते. अशा वेळी डाइव्ह सोडावी, खजिनदाराला नव्हे. हिशेब त्याच्याकडे असतो. गावाजवळ माकिनितचे खाऱ्या पाण्याचे गरम झरे आहेत. अंग दुखतंय म्हणून डाइव्हनंतर लगेच त्यात बसणंही टाळावं. त्याऐवजी शेवटचा दिवस कोरडा ठेवून गावातून तापयास टेकडीवर चढावं. पायऱ्या सातशेहून जास्त आहेत. ज्याने 'माझा स्टॅमिना जबरदस्त आहे, मला इराकोच पाहिजे' म्हटलं होतं, त्याला सगळ्यांत पुढे ठेवावं.